तात्यांची जीप आणि माझं ‘नाही’

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो. तात्या शेडग्यांच्या जीपचा एक भाग मी भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि त्यांनी विचारलं तेव्हा कानावर हात ठेवले.

तात्या आमच्या नेरूळच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायचे आणि आपल्या जीपला अहो-जाहो करायचे. ‘लष्करातून रिटायर होऊन आल्यात. अरे-तुरे कसं करायचं?’ रोज सकाळी बॉनेटवर हात ठेवून विचारायचे, ‘काय बाईसाहेब, झोप लागली का?’ मग बाईसाहेबांच्या पोटात डोकं घालायचे, ते जेवायलाच बाहेर काढायचे.

नव्वदच्या दशकातली ती सुरुवात. पार्किंगमध्ये स्कूटर आणि सायकली. त्यांच्यामध्ये लिलावातून आणलेली ती जीप म्हणजे बारशाला आलेला पैलवान. मी सोसायटीचा सेक्रेटरी. विरोध मीच करायला हवा होता. पण सगळ्यात आधी तिच्या नादाला मीच लागलो.

तात्यांनी तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. त्यामुळे असेल, कागदाचा त्यांना वीट आला होता. आख्खी जीप सुटी केली, पण एक ओळ कुठे टिपली नाही. ‘लिहून ठेवलं की डोकं विसरायला मोकळं,’ असं म्हणायचे. काढलेला प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने जुन्या चादरीवर. मग पाठ फिरवून, मागे हात पसरून मला म्हणायचे, ‘सेक्रेटरी, द्या कुठलाही बोल्ट.’ अंगठा फिरवून सांगायचे, ‘मागचा ब्रेक, उजवा. जोडीदार तिसऱ्या ओळीत बसलाय बघा.’ मी बघायचो. बसलेला असायचा! हा खेळ मी ऑफिसला उशीर करून खेळलो आहे.

एकदा त्यांनी साबुदाण्याच्या पातेल्यात रॉकेल ओतून बेअरिंगं भिजत घातली. त्या संकष्टीला त्यांच्या घरच्या काकू दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, ‘चंद्रोदय झाला की बाईसाहेबांनाच ओवाळा.’

मे महिन्यात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. आधी खोकला, मग एक धडाका, मग काळ्या धुराचा असा लोट की पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडया काळ्या पडल्या. ‘आता तळल्या तरी गोऱ्या व्हायच्या नाहीत ह्या!’ वरून कुणीतरी ओरडलं. इंजिन थरथरत होतं, तात्या थरथरत होते, आणि मी, बँकेत पासबुकं भरणारा माणूस, टाळ्या वाजवत उड्या मारत होतो.

तात्यांचं समाधान मात्र झालं नाही. ‘मागच्या दोन चाकांवर काय, कुणीही चालेल. पुढची दोन ओढायला लागली पाहिजेत.’ गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा होता. तो ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळायचा. तोच अडकला होता. म्हणून त्यांनी खालचा डबा खोलला आणि आतून दोन बोटांचा, वाकलेला लोखंडी काटा काढला. कित्येक दिवस खपून तो सरळ केला. ‘मिळत नाही हो हा कुठं,’ म्हणाले आणि तेल लावून चादरीपासून वेगळा, भिंतीकडे वर्तमानपत्रावर ठेवला. नेरूळच्या डांबरी रस्त्यावर यांना चार चाकांचा जोर कशाला हवा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण. आदल्या दिवशी तात्या गावाला गेलेले. मांडवासाठी मी पार्किंग झाडून घेतलं. चादर अलगद कोपऱ्यात सरकवली. वर्तमानपत्रावरचं ते तेलकट लोखंड घाईत मला ओळखू आलं नाही, टाकाऊ वाटलं. भंगारवाला फाटकातच होता.

तात्या परत आले. चादर पाहिली, भिंतीकडची जागा पाहिली. ‘सेक्रेटरी, इथलं काही हललं का हो?’

ते लोखंड म्हणजे तो काटा, हे मला तेव्हा उमगलं. ‘नाही,’ मी म्हणालो. हातात प्रसादाचा द्रोण होता.

पंधरवडाभर जीपपाशी कुणी दिसेना. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. ‘साखर’. ‘मीठ’. गॅसच्या वर ‘बंद केला का?’ अक्षर आवक-जावकचं, वळणदार.

‘हे काय, काकू?’

‘काटा त्यांनीच कुठेतरी ठेवला आणि विसरले, असं घेतलंय मनात,’ काकू हळू आवाजात म्हणाल्या. ‘यांची आक्का आहे ना गावाकडे, तिला माणसं आठवत नाहीत. तिचंही असंच सुरू झालेलं. आई गेल्यावर तिनंच वाढवलं यांना. डोंगरावरच्या वाडीत राहते, खाली यायचं तर ओढ्यातल्या दगडांवरून. तिला आणायला तर ही जीप. सगळ्यांची नावं विसरली, यांचं तेवढं राहिलंय. ते जायच्या आत आणायचं होतं इथं. आता म्हणतात, आक्काला घेऊन निघालो आणि घाटात रस्ताच विसरलो तर?’

मी तडक तुर्भ्याला भंगारवाल्याकडे गेलो. ‘तो माल अजून हितंच हाय, साहेब. त्या ढिगात शोधा.’ ऑफिसच्या कपड्यांत मी दोन तास ढीग उपसला. आणि पंख्याच्या पात्यांखाली ती दोन बोटं दिसली तेव्हा इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या वखारीतले लोक धावत आले.

काटा रुमालात गुंडाळून परतलो. पार्किंगमध्ये जीपपाशी थांबलो. सीटखाली सरकवून दिला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. तात्यांना तो सापडला असता, ते हसलेही असते. पण आपणच ठेवला आणि आपणच विसरलो, असं जन्मभर मानत राहिले असते.

दार त्यांनीच उघडलं. हातात कात्री आणि कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. मी रुमाल उलगडला.

‘तात्या, तुम्ही काहीही विसरला नाहीत. हा मी भंगारात दिला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा माझी लाज झाकायला खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा.’