ओल्या पॉपलरचे दार

मुलगा जन्मला की बापाने पॉपलरची रांग लावावी आणि त्याच्या लग्नाच्या वेळी तीच झाडे तोडून त्याला घर बांधून द्यावे, ही उझबेकिस्तानातल्या मार्गिलान शहराची रीत एर्गाशने निष्ठेने पाळली होती. मात्र झाडे हिवाळ्यात, रस उतरल्यावर तोडावीत आणि वर्षभर वाळवावीत, हा तिचा उत्तरार्ध त्याने घाईत गाळला. वसंतात तोडलेल्या लाकडाचे महिन्याभरात दार होऊन ते चौकटीत बसलेदेखील.

“बाजारात वाळलेलं लाकूड मिळतंय की,” बायको मुकर्रम म्हणाली होती.

“आपल्या जासूरचं झाड आहे ते. वाकडं कसं जाईल?”

“जासूरचं आहे, म्हणून तर म्हणते!”

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची आई होसियत बहिणींना घेऊन नव्या खोलीत रजया-उशांचे रुखवत मांडायला आली. आधीचे एक स्थळ या बाईने चुलीचा धूर घरात येतो म्हणून मोडले होते. मांडणी पुरी होईपर्यंत कोणी डोकावू नये म्हणून तिने दार ओढून घट्ट लावले. भिंतींच्या ताज्या गिलाव्याची ओल पिऊन ते फुगतच गेले आणि दुपारी उघडेना.

“व्याहीबुवा, दार!”

“जरा जोर लावा, विहीणबाई!”

“लावला. कडी हातात आली.”

एर्गाशने बाहेरून खांदा लावून पाहिला. खांदा दुखावला, दार हलले नाही. मग त्याने ओल वाळवायचे ठरवले आणि पुलावाच्या चुलीतले निखारे दारापुढे आणून ठेवले. बाहेरची बाजू वाळून आकसली, आतली ओलीच राहिली. दार पन्हळीसारखे वाकून चौकटीत अधिकच रुतले. फळीतली जुन्या फांदीची सुकी गाठ तेवढी सैल होऊन टपकन खाली पडली. भोकातून होसियतचा एक डोळा दिसला.

“बोला,” ती म्हणाली.

“विहीणबाई, लाकूड अजून जिवंत आहे, म्हणून...”

“आम्हीही आहोत. अजून तरी.”

“मोडलं लग्न!” मुकर्रमने कपाळाला हात लावला. “आता चहा काय त्या भोकातून ओतू?”

आत कुजबुज झाली. एर्गाशने भोकाला कान लावला. तेवढ्यात मागच्या बाजूला धाडकन आवाज झाला. सगळे तिकडे धावले. उन्हाच्या बाजूची खिडकी त्याच झाडांची. ती वाळून इतकी आकसली होती की होसियतने हात लावताच चौकटीसकट वाफ्यात आडवी झाली. खाली रजया टाकून बायका खिदळत उतरत होत्या. सर्वांत शेवटी होसियत उतरली आणि तिने झग्याची धूळ झटकली.

“मग... लग्न?” एर्गाशने कसेबसे विचारले.

“उद्याच! आमची नोदिरा रुसली की दार लावून बसते, व्याहीबुवा. सासरी तिला बाहेर कोण काढणार, याच घोरात होते मी. ही खिडकी तेवढी दुरुस्त करू नका.”

एर्गाशचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून शीळ घालत फिरणारा जासूर मात्र जागीच थबकला.

“रुसते?” त्याने विचारले.

सगळे चुलीकडे वळले. पुलाव तयार झाला होता आणि सगळ्यांनाच भूक लागली होती.