पिणारा बाक

ग्वारीघाटाच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीतल्या बागेत बसायला काही नव्हतं. विनताबाईंचे गुडघे एका फेरीतच बोलायला लागत, म्हणून त्यांचे यजमान, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले भय्यासाहेब खिरवडकर यांनी स्वतः सागवानी बाक बनवून बागेत ठेवला.

बाक उघड्यावर राहणार. भय्यासाहेबांनी तो पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासला, पुसला, चार दिवस उन्हात वाळवला. रंग सारखा बसावा म्हणून आधी लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर लावायचा होता. नियमाचा माणूस, उद्यान कार्यालयात अर्ज दिला, ‘बाक सील करण्याची अनुमती मिळावी.’

तिसऱ्या दिवशी तीन कर्मचारी आले. त्यांनी बाक कापडात गुंडाळला, गाठीवर लाख ओतली आणि शिक्का मारला.

भय्यासाहेब कार्यालयात धावले. “अहो, मला लाकडाला सीलर लावायचा होता!”

“अंकल जी, सील आपने माँगी, हमने दी,” तिथले कारकून आलोकबाबू शांतपणे म्हणाले. “अब खोलने का कारण लिखिए.”

भय्यासाहेबांनी घाईत लिहिलं, ‘लाकूड कोरडं आहे, फार पितं. पावसाळ्याआधी बंदोबस्त आवश्यक.’ ‘पाणी’ हा शब्द राहून गेला.

आलोकबाबूंनी शेरा मारला: सार्वजनिक उद्यानात मद्यपान. बाकावर नोटीस चिकटली, सात दिवसांत खुलासा करावा. बाकाने केला नाही. मौन म्हणजे कबुली, असं ठरलं.

“तुम्ही काहून अर्ज करून राहिले?” विनताबाई म्हणाल्या. “गुपचूप ब्रश मारला असता, तर आतापर्यंत मी टेकली असती.”

भय्यासाहेबांनी बाकाच्या चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून दिली. ती नामंजूर झाली. बनवणारा हा आरोपीचा नातेवाईक धरला जातो.

सोमवारी ट्रक आला. बाक उचलताना भय्यासाहेब आडवे उभे राहिले, तेव्हा कर्मचाऱ्याने कागद दाखवला. ‘मद्यपी बाकामुळे मुलांवर वाईट संस्कार होत असून तो तात्काळ हटवावा.’ खाली एक्केचाळीस रहिवाशांच्या सह्या. सातवी विनताबाईंची होती.

“शेजारच्या बेबीताई घाईत घेऊन आल्या होत्या,” विनताबाई रडवेल्या झाल्या. “मला वाटलं, नळाच्या पाण्याचं असेल.”

भय्यासाहेबांनी बायकोला हात दिला आणि दोघं फुलांच्या वाफ्याच्या विटांवर कशीबशी टेकली.

बारावी सही माझी आहे. हसू नका. तुमच्या दारात शेवटचा जो कागद आला होता आणि ज्यावर तुम्ही दारातच उभ्याने सही केलीत, त्यात काय लिहिलं होतं?