याद्यांना कुलूप

दसऱ्याच्या दुपारी दादरच्या त्या वधूवर सूचक मंडळाच्या कार्यालयात हेरंब स्क्रीनपुढे बसला होता आणि स्क्रीन त्याला एकच उत्तर देत होती: परवानगी नाही. शेजारच्या हॉलमध्ये लालबाग, परळ, वरळीहून आलेले आईबाप खुर्च्यांवर पिशव्या ठेवून जागा अडवत होते. स्थळांची यादी पडद्यावर आल्याशिवाय मेळावा सुरू होणार नव्हता.

"मेळावा नीट पार पडला तर वर्षाचं काम तुझं, असं मी म्हटलं होतं ना?" चिटणीस सुनेत्राताईंनी दारातून विचारलं. कोणाला किती दिलं आणि त्याच्याकडून किती वसूल झालं, हे त्यांना तोंडपाठ असे.

"लक्षात आहे, ताई."

"मग हे काय?"

तेच हेरंबला कळत नव्हतं. काल सगळं ठणठणीत चालत होतं. मंडळाकडे दोन कॉम्प्युटर होते, एक नवा, एक म्हातारा. नवा पडला तर म्हाताऱ्याने भार घ्यायचा. दोघांच्याही पोटात यादी सांभाळणारं एकेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आणखी एक कॉम्प्युटर, आणि स्थळांची डिस्क मात्र दोघांत एकच. हेरंबने या मशीनांभोवती कुंपण घातलं होतं: नेमून दिलेल्या फोल्डरबाहेर यांनी हात घालायचा नाही, आणि बाहेरच्या कोणी आत यायचं नाही. वर डिस्कला कुलूप: एकाने उघडली की दुसऱ्याने शिवायचं नाही, कारण दोघे एकदम लिहायला बसले तर यादीची खिचडी होते.

तेवढ्यात अध्यक्ष रमाकांत परुळेकर आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. झालं का रे सुरू?"

"काका, सकाळी कोणी हात लावला का याला?"

"हात कोण लावतोय. मी फक्त श्री घातला."

हेरंबने मान वर केली. "काय घातला?"

"अरे, आपण पत्रिकेवर घालतो, चोपडीवर घालतो. एवढ्या पोरापोरींची लग्नं जमवायची आणि वर श्री नाही? मी 'श्री' नावाचा फोल्डर केला आणि डिस्क त्यात नेऊन ठेवली. नव्या मशीनला तो पत्तापण सांगितला. क्लास केलाय मी."

"काका, तो फोल्डर कुंपणाच्या बाहेर आहे. मशीनला तिथे जायची मनाई आहे."

"श्रीकडे जायला मनाई? कोणी केली?"

"मी."

रमाकांतकाकांनी सुनेत्राताईंकडे पाहिलं. हा मुलगा निवडताना आपलं मत कोणी विचारलं नव्हतं, एवढं त्या नजरेत होतं.

"मग कुंपणच काढून टाक ना," ताई म्हणाल्या.

"यादीत सगळ्यांचे पगार आणि फोन नंबर आहेत, ताई. उद्या दुसरं काही आत शिरलं तर?"

हेरंबने डिस्क जागेवर आणली, पत्ता पूर्वीसारखा केला आणि बटण दाबलं. आता स्क्रीनने नवं उत्तर दिलं: डिस्क दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

हॉलमधून एका बापाचा आवाज आला, "मुलं म्हातारी झाल्यावर दाखवणार काय यादी?"

हेरंब आतल्या खोलीत धावला. म्हातारा कॉम्प्युटर झेंडूचा हार घालून, कपाळी हळदकुंकू लावून मजेत घुरघुरत होता. पुढे निरांजन, विडा, नारळ. यादीची डिस्क त्यानेच उघडून धरली होती.

"हा कोणी चालू केला?"

"मी, श्री घालायच्या आधी. बंद यंत्राला काय नमस्कार करायचा?" काका म्हणाले. "इतकी वर्षं राबलाय बिचारा."

"आधी हा बंद करायला लागेल."

"छे. पूजेला बसवलेलं यंत्र आज हलवत नाहीत. माझे वडील गिरणीत होते, खंडेनवमीला लूम पुजला की कोणी हात लावायचा नाही. मॅनेजरसुद्धा."

"काका, तुम्ही नुसतं पुजलं नाहीत, कामाला लावलंत."

"मग ते कुलूप काढ ना बाबा," सुनेत्राताई रडकुंडीला आल्या. "दोन्ही चालू दे. कोण बघायला येतंय?"

हेरंबचा हात माऊसवर गेला. एक टिचकी, की मेळावा सुरू, वर्षाचं काम खिशात. मग त्याने हात मागे घेतला. "कुलूप नाही निघणार. पाहिजे तर मी घरी जातो."

काका निरांजनाची वात सारखी करू लागले. ते बघून हेरंब म्हणाला, "काका, उत्तरपूजा करता येते ना? दीड दिवसाचा गणपती असतो, तसं याला दीड तासाचं समजा."

काकांनी विचार केला. शास्त्रात बसत होतं. त्यांनी अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं, यंत्र उत्तरेकडे तसूभर सरकवलं. हेरंबने ते रीतसर बंद केलं, बाहेर येऊन बटण दाबलं. यादी पडद्यावर झळकली. वय, उंची, पगार, घर, सगळं ज्याचं त्याच्या नावापुढे, तंतोतंत.

संध्याकाळी हॉल झाडला जात असताना हेरंब वायरी गुंडाळत होता. एक अक्षर चुकलं नव्हतं, हे त्याने दोनदा तपासलं होतं.

"किती जमली?" काकांनी विचारलं.

"एकही नाही," सुनेत्राताई म्हणाल्या. "पडद्यावर मुलाचं भाड्याचं घर वाचलं की मुलीकडचे उठले. मुलगी बदली घेणार नाही वाचलं की मुलाकडचे उठले. निम्मे तर चहाला थांबले नाहीत."

"गेल्या वर्षी नऊ जमली होती."

"गेल्या वर्षी दोन्ही मशीनं एकदम लिहीत होती. याचं घर त्याच्या नावावर, तिचा पगार हिच्या. बोलाचाली सुरू झाल्या, एकमेकांना बघितलं, आवडली. खरं कळेपर्यंत हॉल बुक झाले होते."

हेरंबने वायर खाली ठेवली. "ताई, आजचं सगळं बरोबर होतं."

"बरोबरच होतं रे. तुझ्या कामात खोट नाही." सुनेत्राताईंनी चष्मा काढून पुसला आणि काकांकडे वळल्या. "गेल्या वर्षीच्या त्या कॉम्प्युटरवाल्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"