सेनापतींचा विजय कोणी पुसला?

"अख्ख्या रोममध्ये अजिंक्य माणसं दोनच, डिफिलस. एक मी. दुसऱ्याचं नाव आत्ता आठवत नाही!" असं म्हणून पेडुसियसने पोट आत ओढलं. ते लगेच परत आलं.

सैन्यातून निवृत्त होऊन कोंबड्या पाळणारा हा गृहस्थ स्वतःला महान शोधक म्हणवायचा. आजवर त्याने एक हरवलेला बोकड तेवढा शोधला होता. खरं तर बोकडच त्याला शोधत आला होता.

सेनापतींचा गुलाम लेखनिक असलेल्या डिफिलसला हसू फुटेना. सेनापती व्होल्कॅटियस यादवी युद्धाची आपली हकिगत सांगत आणि तो लिहून घेई. आजच्या मेजवानीत सेनापती ती स्वतः वाचणार होते. पण सकाळी मेणात टोचणीने कोरून लिहिलेली घडीची पाटी उघडली, तर कोरी करकरीत! सूर्यास्तापर्यंत उलगडा झाला नाही, तर डिफिलसची रवानगी दगडाच्या खाणीत.

"हेरानं पाटी बदलली!" पेडुसियस पाटी हुंगत म्हणाला.

"शोधकराव, हा कोपऱ्यावरचा चरा माझाच. पाटी तीच आहे."

"मग हेर तूच!"

"मग तुम्हाला मदत कशाला करतोय?"

"तीच तर लबाडी! बरं, लिहिलं काय होतंस?"

"सेनापतींनी पूल जिंकला, सेनापतींनी वारा ओळखला... ते स्वतःला 'मी' म्हणत नाहीत. तशी रीत आहे."

"म्हणजे सतत सेनापतींच्या मागे राहून सगळं बघणारा कुणीतरी आहे! धरा त्याला!"

तो काही सापडेना. मग संशय स्वयंपाक्यावर गेला, तिथून मधमाश्यांवर. "आपलं मेण ओळखून परत न्यायला आल्या असतील!"

शेजारी लोकर कातत बसलेली सेनापतींची बायको मेमिया वैतागून समोर बसलेल्या नवऱ्याकडे वळली. "अहो, काल न्हाणीघरात बगलेत काय घेऊन गेला होतात?"

"हकिगत," सेनापती म्हणाले. "तिथे आवाज काय घुमतो!"

"गरम खोलीत? आणि पाटी ठेवलीत कुठे?"

"बाकावर. खाली भट्टी अस..."

"मेण ते! पाघळेल नाही तर काय करेल? आणि खाणीत जायचं या बिचाऱ्यानं!"

"मी म्हणतच होतो," पेडुसियस गरजला, "गुन्हेगार घरातलाच!"

सेनापती खाकरले. "खाण राहू दे. लिही, डिफिलस. 'त्या दिवशी उष्मा इतका भयंकर होता की सगळं वितळलं. सेनापती मात्र डगमगले नाहीत.'"

"आणि माझं नाव?" पेडुसियसने विचारलं.

डिफिलसने मेणाची पाटी दूर सारली आणि शाईची दौत काढली.