इनामदार सर आणि शेजाऱ्यांची नाकं

इनामदार सरांनी बेल वाजवली की आमच्या मजल्यावरची माणसं आधी नाक शिंकरतात आणि मग दार उघडतात. सर साखर मागायला येत नाहीत, वर्गणी मागायला येत नाहीत. ते नाक मागायला येतात. हातात बशी असते. बशीत कधी अत्तराचा बोळा, कधी हिंग, कधी चिरलेला कांदा आणि एकदा तर सुके बोंबील. बशी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची, आपल्याला खालच्या मजल्यावर उभं करायचं आणि वरून ओरडायचं, "वास आला का, सोनवणे मियाँ?"

मी सोनवणे. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं आमची इमारत आहे आणि सरांचं दार माझ्या दारासमोर. सर वैजापूरला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शाळेनं निरोपाला शाल दिली आणि फळा काढून घेतला. तेव्हापासून आम्हीच त्यांचा फळा.

"कण कुणाच्या बापाचं ऐकत नाय, मियाँ," सर सांगतात. "अत्तर बशीत ठेवलं म्हंजे बशीत राहिलं असं नाय. ते निघालं. धडका खात, भरकटत, येतंय तुमच्याकडं. आलं का?"

एकदा सरांना बरं वाटावं म्हणून मी लगेच "आलं, आलं! गुलाब!" असं ओरडलो. सरांनी वरून डोकावून बघितलं. मग आवाज आला, "बाटलीचं बूच अजून काढलं नाय."

त्यांचं एक पेटंट वाक्य आहे: "घन शिस्तीत, द्रव दोस्तीत, वायू मस्तीत." घनातले कण रांगेत उभे राहणार, थरथरतील पण जागा सोडणार नाहीत. द्रवातले एकमेकांना धरून सरकणार. वायूत कुणी कुणाचं नाही. या हिशेबानं त्यांनी सगळी इमारत लावून टाकलीय. सोसायटीचे चेअरमन घन, कारण मीटिंगमध्ये ते रागानं नुसते थरथरतात, खुर्ची काही सोडत नाहीत. मला मात्र त्यांनी कुठल्याच अवस्थेत बसवलं नाही. "तुमचं अजून ठरायचंय," म्हणाले.

गच्चीवरच्या एका मीटिंगमध्ये सगळे असेच घट्ट बसलेले असताना खालून कुणीतरी ओरडलं, "नळाला पाणी आलं!" आमच्या शहरात ही आरोळी बऱ्याच दिवसांनी ऐकू येते. क्षणात गच्ची रिकामी. चेअरमन चप्पल सोडून पळाले. एकटे सर मागं टाळ्या वाजवत उभे. "संप्लवन! बघा, मधी द्रव झालेच नाय! घनाचा डायरेक वायू! कापूर आहे ही सोसायटी, कापूर!" त्या आनंदात त्यांची स्वतःची टाकी भरायची राहिली आणि पुढं आठवडाभर त्यांनी आमच्याकडून बादल्या नेल्या.

हे सगळं आम्ही वेड म्हणून सोडून दिलं होतं. मग एका सकाळी माझी बायको सुनीता दारात थबकली, हवा हुंगली आणि सरांच्या घरात धावली. मीही मागोमाग. शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण चालू, घरभर गॅस कोंदलेला, आणि त्याच्या मधोमध सर खुर्चीत पेपर वाचतायत. सुनीतानं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मी घाबरून आधी पंख्याचं बटण दाबायला निघालो होतो. तिनं माझा हात असा झटकला की मनगट दोन दिवस दुखलं. ठिणगी म्हणून काही असते, हे तिनं नंतर मला सविस्तर सांगितलं.

"प्रयोग चालला होता," सर म्हणाले.

सुनीता त्यांच्याकडं बघत राहिली. "सर, तुम्हाला वास येत नाही."

सरांनी पेपराची घडी घातली. ती उलगडली. पुन्हा घातली.

"कोरोनाचा ताप गेला तवा वासबी घेऊन गेला," ते म्हणाले. "परत आलाच नाय. म्हनून तुम्हाला विचारत फिरतो. कण तर येतच असतील ना माझ्यापर्यंत? दाराशी येतात अन् माघारी जातात बिचारे." मग आवाज खाली गेला. "रुबिनाला सांगू नका. पुन्याला घेऊन जाईल."

रुबिना त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरी, अकराव्या मजल्यावर फ्लॅट. आईच्या पश्चात ती अब्बांना न्यायला टपलेलीच होती, फक्त कारण हवं होतं. सुनीता म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही." मी मात्र तयार झालो. सिनेमातला गुप्तहेर व्हायची संधी माणसाला आयुष्यात कितीदा मिळते!

पुढच्या रविवारी रुबिना येणार होती. सरांनी आणि मी खुणा ठरवल्या. मी समोर बसायचं. वास चांगला असेल तर नाकाला हात, काही करपलं तर कानाला. फुलप्रूफ. फक्त आदल्या दिवशी सरांनी मला बाष्पीभवन शिकवलं. "जे कण जोरात असतात ते आधी उडून जातात, मियाँ. मागं राहतात ते संथ. म्हनून गारवा." मला हे इतकं पटलं की मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कूलरसमोर झोपलो. रविवारी सकाळी माझं नाक म्हणजे मुकुंदवाडीचं रेल्वेफाटक झालं होतं: बंद.

तरी गेलो. रुबिना स्वयंपाकघरात दालचा, म्हणजे चिंचेची आंबट डाळ, करत होती, सुनीता तिच्या मदतीला. बाहेर सर आणि मी समोरासमोर.

आतून आवाज आला, "अब्बा, खुशबू कैसी आ रही?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. नेमकं त्याच वेळी माझं नाक गळायला लागलं. मी हात नाकाला लावला.

"माशाल्ला!" सर गरजले. "क्या खुशबू है, बेटा!"

"अब नीट सूंघो."

मी पुन्हा नाक पुसलं.

"वल्ला! तबियत खूश!"

आणि त्यांच्या पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून, काळाकुट्ट धूर बाहेर आला. धुरातून रुबिना आली. हातात कढई. कढईत कोळसा.

"कांदा मैं मुद्दाम जलायी," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुमी आंबलेली दाल खाल्ली अन् अजून मागितली, अब्बा. मला तवाच कळलं." मग ती माझ्याकडं वळली. "अन् तुमी, सोनवणेभाई? तुमचं नाक कुठं गेलंय?"

मी शिंकलो. बचावाचं भाषण म्हणून एवढंच सुचलं.

रुबिनानं कढई खाली ठेवली.  "झोपेत गॅस सुटला असता तर? मला कुनी फोन केला असता, अब्बा? काय सांगितलं असतं?" ती आत वळली. "बॅग भरते. चला माझ्यासोबत."

"पुना नक्को, बेटा."

"का नक्को?"

सरांनी टेबलावरची प्रयोगाची बशी हातात घेतली. "तिथं कुनाला विचारू? लिफ्टमधल्या लोकांना? इथं बेल वाजवली की एक नाक बाहेर येतं. शिव्या देतं, पन येतं."

रुबिना भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. सुनीतानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शेगडी आमच्याकडं ठेवते," ती म्हणाली. "सरांचं जेवण आमच्याकडून. शिळं-ताजं मी बघेन." माझ्याकडं बघून पुढं म्हणाली, "ह्यांच्यावर सोपवणार नाही."

रुबिनानं मान हलवली. नवा कांदा चिरला, दालचा झाला, आम्ही सगळे जेवलो. मग तिनं रेग्युलेटर काढला. सिलिंडर माझ्या घरी न्यायचं काम माझ्याकडं आलं. उंबऱ्यात मी ते अंगठ्यावर आपटून घेतलं. सरांना राहवलं नाही. "आत द्रव, वर वायू," ते म्हणाले, "अन् उचलनारा घन." त्यांनी मला शेवटी एका अवस्थेत बसवलं होतं.

नवा कांदा चिरला, दालचा झाला, आम्ही सगळे जेवलो. संध्याकाळच्या बसनं रुबिना गेली. जाताना माझ्या हातात सर्दीच्या गोळ्या देऊन गेली.

 ती गेल्यावर आम्ही उठायला लागलो तर सर म्हणाले, "बसा." मग सुनीताला विचारलं, "तिच्या अम्मीच्या हातचा दालचा तुमी खाल्लेला ना?"

"खूपदा."

"मग सांगा. आज घरात वास आला तो... तसाच होता का?"

 सुनीताला खोटं येत नाही, हे सरांना माहीत होतं. तिनं डोळे मिटून एक श्वास घेतला. "चिंच जरा जास्त पडलीय," ती म्हणाली. "बाकी भाभींचाच. अजून आहे घरात."

सर उठले. खिडकी लावली. दुसरी लावली. दार ढकललं आणि खालच्या फटीला पायपुसणं सरकवलं. मग पंखा बंद केला. "पंख्यानं कण लवकर पांगतात," एवढंच म्हणाले.

मे महिना होता. बंद खोलीत आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. सुनीता श्वास घेत होती, माझं नाक चोंदलेलं होतं, आणि सर सुनीताच्या चेहऱ्याकडं बघत होते.