घाटोळे काकांचं नवीन व्हर्जन

रविवारी सकाळी आमच्या फ्लॅट स्कीममध्ये बेल वाजली, तुम्ही दार उघडलं आणि समोर बनियन, हाफपँट आणि कपाळाला बॅटरी बांधलेला माणूस उभा दिसला, तर घाबरू नका. कोळशाच्या खाणीतून कोणी वर आलेलं नाही. ते घाटोळे काका आहेत.

"मिक्सर लावू नको वं," ते सांगतात. "फ्लॅश करून राहिलो."

असं ते प्रत्येक मजल्यावर सांगत जातात. मिक्सर नाही, गिझर नाही, पाण्याची मोटर नाही आणि मे महिना असेल तर कूलरसुद्धा नाही. आमच्या मनीषनगरात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणारा माणूस एक तर संत असतो किंवा मार खाऊन जातो. काका दोन्ही नाहीत. समोरचा 'हो' किंवा 'नाही' म्हणायच्या आत ते पुढच्या दारात पोचलेले असतात.

फ्लॅश म्हणजे काय, हे इथंच सांगून टाकते. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो त्याला बायोस म्हणतात. मदरबोर्डवर एक मुंगळ्याएवढी चिप असते, तिच्यात तो राहतो. जुना पुसून तिथं नवा लिहायचा, याला फ्लॅश करणं म्हणतात. लिहिता लिहिता लाईट गेली तर चिप अर्धवट राहते आणि कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर ठेवलेली वीट होते. शहाणी माणसं म्हणूनच या वाटेला जात नाहीत. काका दर रविवारी जातात, आणि तेही कंपनीचा बायोस घेऊन नाही, तर स्वतः घरी कापूनजोडून सुधारलेला बायोस घेऊन.

"काका, तुमच्याकडे यूपीएस आहे ना? मग आमचे मिक्सर कशाला बंद करता?" मी एकदा विचारलं.

"यूपीएस कोणी बनवला?"

"कंपनीनं."

"मंग?" असं म्हणून ते निघून गेले. त्यांच्या जगातला खलनायक एकच, कंपनी. कोणती, हे महत्त्वाचं नाही. कंपनीनं बोर्डात ताकद भरून ठेवली आहे आणि मुद्दाम कुलूप लावलं आहे, आणि ते उघडण्यासाठीच बाळकृष्ण घाटोळ्यांचा जन्म झाला आहे. नोकरीत असताना ते एका सरकारी खात्यात नकाशे ट्रेस करत असत. दुसऱ्यानं काढलेल्या रेषेवरून तसूभरही न हलता रेष ओढण्यात सगळी उमर गेली. त्याचा सूड ते आता मदरबोर्डांवर घेत असावेत, असा माझा अंदाज आहे.

काकू होत्या तोवर हा उद्योग घराच्या चार भिंतींत होता. त्या गेल्यावर तो जिन्यानं खाली उतरला. काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर आला. कोणाच्या घरी गेले की ते माणसांशी बोलायच्या आधी टेबलाखालच्या डब्याशी बोलू लागले. तिसऱ्या मजल्यावरचे तिवारीजी वारले, तेव्हा तेरवीच्या जेवणात काकांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेतलं. आम्हाला वाटलं, सांत्वन करताहेत. ते हलक्या आवाजात विचारत होते, "बाबाच्या मशीनमधे बायोस कोणत्या व्हर्जनचा होता गा?" मुलगा रडायला लागला. काकांना वाटलं, फारच जुना असावा.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. मी घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, वाढदिवसाचे फलक, नेत्यांचे दोन्ही हात जोडलेले फोटो. माझा कॉम्प्युटर जुना होता, म्हणून मी त्यात नवी वेगवान डिस्क घातली. पण कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. दुकानदार म्हणाला, मॅडम, बोर्ड जुना आहे, नवीन घ्या. ही बातमी काकांना कशी कळली ते ठाऊक नाही, पण मी दुकानातून घरी पोचले तेव्हा ते माझ्या दाराशी उभे होते. चेहरा मुंजीला बसलेल्या मुलासारखा खुलला होता.

"नवीन घे म्हणते का तो? तुह्या बोर्डाले ते डिस्क दिसत नाही, कारण कंपनीनं त्याले चष्माच नाही देला. मी देतो ना!"

त्यांनी चष्मा दिला. स्क्रीनवर पांढरी पट्टी पुढे सरकत गेली, शेवटाला पोचली, कॉम्प्युटर बंद झाला आणि बंदच राहिला. पंखा फिरत होता, पण स्क्रीन काळी. मागे माझ्या सोफ्यावर एक वधूपिता पत्रिकेचं प्रूफ बघायला येऊन बसले होते.

"मेला का?" वधूपित्यांनी विचारलं.

"मेला नाही गा," काका म्हणाले. "फक्त उठून नाही राहिला."

झालं होतं असं, की माझ्या बोर्डाची फाइल टाकण्याऐवजी काकांनी त्याच्या जुळ्या भावाची टाकली होती. एकच नाव, फक्त बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला आकडा वेगळा. "बोर्डानं सांगाले पायजे होतं ना," असं म्हणून काकांनी दोष बोर्डावर ढकलला आणि ते चहासाठी थांबले. त्या पत्रिका मला शेजारच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत बसून पूर्ण कराव्या लागल्या. तिथल्या कीबोर्डला 'ळ' नव्हता. 'सोहळा' शब्द मी तीन वेळा टाळला.

मग काकांनी शस्त्रक्रिया केली. त्यांच्याकडे कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा एक छोटा चिमटा आहे. तो चिपच्या आठ पायांवर नेमका बसवायचा, त्याची वायर लॅपटॉपला लावायची आणि चिपमध्ये थेट लिहायचं. चिमटा सारखा निसटत होता. काका त्याला मारुतीपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या नावानं बोलत होते. शेवटी तो बसला आणि माझा कॉम्प्युटर उठला. डिस्क ओळखली, आणि पळायलाही लागला, हे मान्य करते. फक्त आता तो सुरू करताना कंपनीच्या चिन्हाच्या जागी सफारी घातलेल्या घाटोळे काकांचा फोटो येतो. गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? मी सांगते, हात जोडा, पुढे जातो.

तर अशा या माणसाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, की ही मशीन शेवटची अपडेट कधी केली होती? डॉक्टर म्हणाले, आजोबा, डोळा हलवू नका. घरी आले तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि गाडी चालवायची मनाई. त्यानंतरच्याच आठवड्यात एका सकाळी ते माझ्या दारात आले.

"कन्हानले जाणं आहे. ताईचा कॉम्प्युटर सकाळीच बसला. तू गाडी काढ. चिमटाबी तूच लावशीन, मले दिसून नाही राहिलं. तुले शिकाले भेटन."

मला शिकायचं नव्हतं. पण एका डोळ्यानं कन्हानला निघालेला माणूस वाटेत कोणाला तरी फ्लॅश करेल, या भीतीनं मी गाडी काढली.

काकांची ही थोरली बहीण कन्हानला एकटी राहते. प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. मी त्यांना आत्या म्हणाले. गाडीचा आवाज ऐकून त्या फाटकाशी आल्या, काकांच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून रे बाळ्या, किती वाळला तू?"

आमच्या अख्ख्या स्कीमचे कूलर बंद करणारा माणूस एका क्षणात बाळ्या झाला. मला फार समाधान वाटलं.

"ते सोड. मशीनचं काय झालं?"

"तू पाठवलेलं नवीन व्हर्जन टाकत होती. मधातच लाईट गेली," आत्या म्हणाल्या. "तशीच बसली ते."

कॉम्प्युटरवर क्रोशाचं कव्हर होतं. आम्ही डबा उघडला, चिमटा मी बसवला. पहिल्याच झटक्यात बसला, आणि काकांना ते आवडलं नाही. मग त्यांनी मला लॅपटॉपवरच्या फाइली काढायला लावल्या.

"नवीन टाकाच्या आधी मागची अन् हे जुळवून पाह्य. न जुळवता टाकशीन तर तुह्यासारखं होईन."

"माझं तुमच्यामुळे झालं होतं," मी म्हटलं आणि दोन्ही फाइली जुळवायला दिल्या. प्रोग्रामनं त्या वरपासून खालपर्यंत ताडून पाहिल्या आणि फरक दाखवला. फरक एकाच जागी होता, व्हर्जनच्या आकड्यात. बाकी सगळी फाइल अक्षर न् अक्षर तीच. मी त्याच्या मागची फाइल जुळवली. तीही तीच. तिच्या मागचीही. आकडा तेवढा एकेकानं वाढत आलेला. सगळ्यांच्या तळाशी कंपनीची मूळ फाइल होती, कित्येक वर्षांपूर्वीची. या बोर्डासाठी कंपनीनं त्यानंतर काहीच काढलेलं नव्हतं.

"काका, यात तर काहीच नवीन—"

"टाक वं," काका म्हणाले. "कामाच्या टायमाले बोलू नाही."

मी टाकली. कॉम्प्युटर उठला. स्क्रीनच्या कोपऱ्यात नवा आकडा दिसला.

"आता काय सुधारलं रे कंपनीवाल्यांनी?" आत्यांनी मागून विचारलं.

"लय सुधारलं. कंपनी मेहनत करून राहिली," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून कंपनीचं कौतुक ऐकून मी स्क्रूड्रायव्हर खाली पाडला.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा आणि बरबटीचे, म्हणजे चवळीचे वडे. काका मान खाली घालून जेवत होते. आमच्या स्कीममध्ये हाच माणूस डब्यातली अर्धी पोळी गॅलरीत पक्ष्यांना टाकतो, हे मी पाहिलेलं आहे. इथं चौथा वडा झाला, पाचवा झाला. आत्या स्वतः जेवत नव्हत्या. वाढत होत्या आणि भावाच्या हाताकडे बघत होत्या.

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले, तेव्हा आत्या पुढचा घाणा तळत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "किती हलके झालेत. बरबटी कधी भिजवली, आत्या?"

"काल संध्याकाळीच," त्या म्हणाल्या.

मग झारा कढईवर तसाच थांबला. कॉम्प्युटर आज सकाळी बसला होता. काल संध्याकाळी तो चांगला चालत होता आणि कोणी येणारही नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. शाळेत वर्गाकडे बघायच्या तसं.

"गरम आहेत तवर खा," त्या म्हणाल्या आणि माझ्या वाटीत दोन वडे टाकले.

परत येताना कामठी मागे पडली. मग राहवलं नाही.

"काका, लाईट गेलीच नव्हती."

"माहीत आहे मले. चिपवर कळते ना. अर्धं लिहून झालं अन् प्लग ओढला तिनं. दर खेपेला त्याच जागी ओढते." आवाजात किंचित अभिमान होता.

"आणि तुम्ही तिला नुसता आकडा बदलून फाइल पाठवता."

काका खिडकीबाहेर, म्हणजे पट्टीच्या बाजूला बघत राहिले. तिकडून त्यांना काही दिसत नव्हतं.

"आमच्या घरी उगाच जाणं नव्हतं वं," ते म्हणाले. "बाबा तसेच होते. कोणी आलं, की पहिले इचारत, काय काम काढलं? तुही काकू गेली तवा ताई रोज फोन करे. जेवाले ये, जेवाले ये. मी म्हणो, मी ठीक आहो. नाही गेलो. जाऊन काय बोलाचं? मंग एक दिवस तिचा कॉम्प्युटर बसला. आता मशीन बसली म्हटल्यावर जाच लागते ना माणसाले."

"मग खरंच बसला होता का तेव्हा?"

"पहिल्या बारीला? कोण जाणे. मी नाही पाहिलं."

चिपमधला एकेक कण उलगडून पाहणारा हा माणूस. मी गिअर बदलला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"पोचला का रे बाळ्या?"

"रस्त्यात आहो. चालून राहिली ना मशीन?"

"चालून राहिली. मस्त चालून राहिली." मग, "आता नवीन कधी येते म्हणतात कंपनीवाले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे.

"येईन ना. पुढच्या महिन्यात येईन. पाठवतो मी. पण टाकाच्या आधी लाईट पाहून घेजो, ताई."

"पाहीन ना बाप्पा," पलीकडून आत्या म्हणाल्या. "पण इकडच्या लाईटीचं काही सांगता येत नाही."

"हो," काका म्हणाले. "नाहीच सांगता येत."