कपाटामागचे कारभारी

"ते कपाट उद्या उपासनेनंतर चौघं मिळून सरकवू," असं पाळकसाहेबांनी शनिवारी सकाळी सांगितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. चौघांनी मिळून करायचं कुठलंच काम कारभाऱ्यांना सहन होत नसे. "चौघांत एक उचलतो, तिघं सल्ला देतात," असं त्यांचं मत.

कारभारी हे नाव मंडळीतल्या लोकांनीच ठेवलेलं. कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा दोन दिवसांत त्यांच्या खुर्चीवर दुसरा बसला होता, आणि कचेरीचं काही म्हणता काही अडलं नव्हतं. ते त्यांना फार लागलं. तेव्हापासून अकरा वर्षं चर्चच्या किल्ल्या, खुर्च्या, माइक, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं एकटे बघत. कुणी मदतीला आलं की म्हणत, "राहू द्या, मीच करतो." हळूहळू सगळ्यांनी राहू दिलं.

दुपारी चारला ते कोठीच्या खोलीत शिरले. कुणी मध्ये लुडबुडू नये म्हणून आतून कडी घातली, कोट दाराजवळच्या खुर्चीवर टाकला आणि गीतांच्या पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटामागे अंग चोरून घुसले. पाठ ओल्या भिंतीला, हात कपाटाला, आणि प्रभूचं नाव घेऊन दिला रेटा. कपाट हललं, समोरच्या टेबलाला अडलं, तिथून मागे कलंडलं आणि कारभाऱ्यांना भिंतीशी दाबून स्वस्थ उभं राहिलं. त्याच क्षणी कमरेत अशी उसण भरली की त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं. हाडं शाबूत होती. पण पुढे सरकता येईना, खाली बसता येईना. फोन कोटाच्या खिशात होता.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. वेदीवरची फुलं मांडणाऱ्या काकू होत्या.

"कारभारी, आत आहात का?"

"काकू! कपाट! कपाट!"

"कळलं हो! नाही लावत तुमच्या कपाटाला हात. गेल्या खेपेला बोललात तेवढं पुरे झालं."

"अहो, थांबा!"

"ओरडताय कशाला? निघालेच मी!" आणि काकूंच्या चपलांचा आवाज दूर गेला.

मग पलीकडच्या सभागृहात ऑर्गन वाजू लागला. वादक सरावाला आला होता. कारभाऱ्यांना हायसं वाटलं. त्यांनी मुठीनं भिंत बडवली. ऑर्गन थांबला, आणि पुन्हा सुरू झाला तो जरा हळू. त्यांनी आणखी जोरात बडवली. ऑर्गन आणखी हळू. तिसऱ्यांदा बडवली तेव्हा वादकाचा वैतागलेला आवाज आला, "आता याहून हळू वाजवायचं तर घरीच जाऊन वाजवतो!" झाकण धाडकन आपटलं आणि तोही गेला.

मग सगळं शांत झालं. घरी बायको वाट बघणार नव्हती. "शनिवारी माझी वाट बघत जाऊ नकोस," हे त्यांनीच तिला सांगून ठेवलेलं. मुठी सोलवटल्या होत्या. मंडळीतल्या एकेकाचा चेहरा त्यांनी आठवून पाहिला. कोण येईल? कुणीच नाही. आपण या माणसांच्या घरी जाऊन किती जणांसाठी प्रार्थना केली; पण आपलं काय दुखतं ते एकालाही कधी सांगितलं नाही. उद्या दुसऱ्या कुणाकडे किल्ल्या जातील, आणि इथलंही काही अडणार नाही. कारभाऱ्यांना रडू कोसळलं. पुसायला हात वर जाईना.

"प्रभू," ते मोठ्यानं हुंदके देत म्हणाले, "कुणाला तरी पाठव रे. मला एकट्याला नाही जमत."

नेमक्या त्याच वेळी काकू विसरलेली कात्री न्यायला परतल्या होत्या. दाराशी त्यांनी ते शब्द ऐकले आणि कात्री तिथेच टाकून शेजारी पाळकांच्या घराकडे धावल्या.

"साहेब, लवकर चला! कारभाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय! मला एकट्याला जमत नाही म्हणतायत!"

पाळक निघाले, त्यांची बायको निघाली, वाटेत भेटलेल्या वादकालाही धरून आणलं. दार फोडायला पाळकांनी खांदा लावला मात्र, कडी खिळ्यांसकट आत पडली. कारभाऱ्यांनी ती एकट्यानंच बसवली होती. चौघांनी "एक, दोन, तीन" म्हणत कपाट उचललं. अर्धं मिनिटही लागलं नाही. कुणी सल्लाही दिला नाही. कारभारी काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले, आणि काकू "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिल्या.

डॉक्टरांनी आठ दिवस पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. रविवारी बायको एकटीच उपासनेला गेली. ती परत येईपर्यंत कारभाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"माइक चालला?"

"चालला."

"पुस्तकं वाटली?"

"ज्यानं त्यानं घेतली."

कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. "आणि खुर्च्या?"

"कमी पडल्या."

"बघ!" ते एकदम खुलले. "मी नसलो की हे असं! मग काय केलं लोकांनी?"

"काय करणार? सरकून बसले," बायको म्हणाली. "बसल्यावर तुमच्यासाठी प्रार्थना केली. संध्याकाळी सगळे येणार आहेत इकडे."

बायको दाराशी उभीच होती. त्यांच्या पलंगावर बसायची तिला सवय नव्हती. मग दात आवळून, कण्हत, कारभारी टीचभर भिंतीकडे सरकले.

"बैस," ते म्हणाले.